सरूबाईंच्या दारातली मॉरिस

समजा, तुम्हाला एक जुनी गाडी विकत घ्यायची आहे. जुनी म्हणजे दहा-पंधरा वर्षांची नव्हे, तुमच्या वडिलांच्याही आधी जन्मलेली. दुसरं महायुद्ध संपलं, इंग्लंडातल्या कारखान्यांतून लढाईचं सामान बनायचं थांबलं आणि पुन्हा घरगुती गाड्या निघू लागल्या, त्या काळातली मॉरिस मायनर. तुम्ही काय बघाल? इंजिन बघाल, तर ते फिरत नाही. किती पळालीय ते बघाल, तर आकडे मैलांचे आहेत आणि तेही अडकून बसलेत. मग वाका, खाली डोकं घाला आणि पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोकत जा. जिथं आवाज बद्द येईल तिथं पत्र्याला गंज लागलाय. दार उघडून सोडून द्या, ते आपल्या वजनानं जागेवर बसतं का बघा. आत बसून वास घ्या. आणि हे सगळं करताना मालकासमोर तोंडातून एकही चांगला शब्द काढू नका.

हा शेवटचा नियम गाड्यांच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. तो बैलबाजारातला आहे. कवठे येमाईच्या माऊली रासकरांना विकत घ्यायची एवढी एकच पद्धत ठाऊक होती.

माऊलींचं वय पन्नाशीला आलेलं. घरचा धंदा फुलांचा. झेंडू, शेवंती, मधल्या काळात थोडी गुलछडी. त्यांचे वडील पंचक्रोशीत बैल पारखणारे म्हणून माहीत होते. कुणी बैल घ्यायला निघालं की आधी त्यांना सोबत घ्यायचं आणि मग भाकरी बांधायची. माऊली लहानपणी त्यांच्यामागून चाकणच्या बाजारात हिंडले. पुढं बैल गेले, पॉवर टिलर आला, पिकअप आली. माऊलींनी आयुष्यात जे जे विकत घेतलं त्याला काहीतरी काम होतं. मोटार पाणी ओढायची, पिकअप फुलं ओढायची, टिलर माती ओढायचा. नुसतं बघून बरं वाटतं म्हणून घेतलेली एकही वस्तू त्यांच्या दारात नव्हती, आणि तशी ती असू शकते हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मग भाद्रपदाच्या सुरुवातीला ते दौंडला एका मंगल कार्यालयात फुलं टाकायला गेले. परतताना रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत शिरले आणि गल्ली पुढं बंद निघाली. पिकअप मागं घेताना आरशात त्यांना पत्र्याच्या शेडखाली काहीतरी गोल गोल दिसलं. ते उतरले. वर ताडपत्री होती, तिचा एक कोपरा वाऱ्यानं उडालेला. खाली हिरवट रंगाचं बॉनेट. मडक्यासारखं गोल. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दिवे, आणि मधे जाळी. गाडी बघतेय असं वाटत होतं. गल्लीत आलेल्या अनोळखी माणसाकडं घरातलं शहाणं जनावर जसं बघतं, तसं.

माऊली पिकअप चालू ठेवूनच बराच वेळ उभे राहिले. घरी येऊन ते बायकोला, अनिताला, म्हणाले, "एक गाडी बघितली."

"पिकअप बिघडली का काय?"

"न्हाई. तिला काय झालंय."

"मग?"

माऊलींना या 'मग'चं उत्तर देता येईना. त्या रात्री त्यांनी लेकीला फोटो दाखवला. समृद्धी डिप्लोमा करून रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत लाइनवर कामाला लागली होती. तिनं मोबाइलवर शोधाशोध केली आणि म्हणाली, "पप्पा, ही मॉरिस मायनर आहे. पन्नासच्या दशकातली. हिचा वळायचा सिग्नल माहितीये कसा असतो? दाराच्या खांबातून वीतभर लांबीचा हात बाहेर पडतो. पेटलेला."

"हात?"

"हात."

माऊलींनी पुढच्या रविवारी लेकीला गाडीत घातलं आणि दौंड गाठलं.

ते घर सरूबाई जगतापांचं. वय ऐंशीच्या पुढं, कंबरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांचे मालक भिमाजी रेल्वेत ड्रायव्हर होते. ही मॉरिस त्यांनी एका अँग्लो-इंडियन गार्डाकडून घेतलेली. तो गार्ड ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला तेव्हा जाता जाता देऊन गेला. भिमाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून गाडी शेडमधून हलली नव्हती.

माऊलींनी रीतीप्रमाणे सुरुवात केली. गाडीभोवती एक फेरी मारली. खांदे पाडले, तोंड वाईट केलं.

"मावशी, पत्रा पार गेलाय की हिचा."

सरूबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आन् टायर तर बघायलाच नको. मागनं जरा बसल्यासारखी बी वाटती. काच बी तडकलीय."

"आन् कान?" सरूबाई म्हणाल्या.

"काय?"

"कान मोठं न्हाईत का? शेपटी बारीक न्हाई का? आवं रासकर, बाजारात आलाय व्हय तुम्ही?" त्या काठी टेकत गाडीच्या तोंडाशी गेल्या आणि बॉनेटवर काठीचं टोक आपटलं. "उचला हे. दात बघून घ्या एकदाचं, म्हंजी मन शांत हुईल."

समृद्धी हसू दाबायला तोंड फिरवून उभी राहिली. माऊलींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सरूबाई निमोण्याच्या लेक निघाल्या, बैलवाल्या घरातल्या. त्यांचे वडील आणि माऊलींचे वडील कधीतरी एकाच बाजारात एकमेकांच्या बैलांना नावं ठेवत उभे असणार, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मग चहा झाला.

चहा पिताना सरूबाईंनी सगळं सांगून टाकलं. मुलगा इंद्रजीत नाशिकला असतो. दसऱ्याला येणार, घर आवरणार आणि त्यांना घेऊन जाणार. घर विकायचं ठरलंय. गाडीला पुण्याचं एक गिऱ्हाईक आलेलं आहे, हॉटेलवालं. त्याला ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायचीय. पैसे चांगले देतोय. ट्रकवर चढवून नेणार.

"मग दिली का न्हाई?" माऊलींनी विचारलं.

"इंद्रजीत म्हणतो देऊन टाक. मी म्हणलं, थांब." सरूबाईंनी बशी खाली ठेवली. "मेलेलं जनावर ओढून नेत्यात. माझ्या दारातनं ही गाडी दोरानं न्हाई जायाची आन् ट्रकवर बी न्हाई जायाची. चालत आली व्हती, चालत जाईल. जो चालवून न्हील त्याची. दसऱ्यापर्यंत कुणी नेली न्हाई, तर मग इंद्रजीतच्या मनासारखं होऊ द्या. मी काय म्हणायची न्हाई."

माऊलींनी शेडकडं पाहिलं. गाडीचं इंजिन गंजून जाम होतं. चाकांत हवा नव्हती, टाकीत पेट्रोलच्या जागी तांबडा चिखल होता. दसऱ्याला जेमतेम सव्वा महिना होता. आणि दसरा म्हणजे झेंडूचा तोडा, वर्षभराची कमाई त्या एका आठवड्यात. पण बैल आवडला की चाकणच्या बाजारात वडिलांच्या हाताची बोटं आपोआप हलायला लागायची, तशी त्यांची हलत होती.

"चालवून नेतो," ते म्हणाले. "किंमत बोला."

आता इथं खरी अडचण आली. बैलाची किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात आणि बोटं धरून, सोडून, दाबून किंमत ठरते. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. सरूबाईंना ती रीत त्यांच्या वडिलांनी घरात बसवून शिकवली होती. पण परक्या पुरुषाचा हात कसा धरायचा?

"पोरीला पाठवा इकडं," त्या म्हणाल्या आणि खांद्यावरचा पदर पुढं ओढून हातावर पसरला.

समृद्धीला या प्रकारातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तिनं पदराखाली हात घातला. म्हातारीनं तिची काही बोटं धरली, सोडली, परत धरली. समृद्धीला वाटलं, आजीला भरून आलंय. इतक्या वर्षांनी घरात कुणीतरी आलं, गाडी बघितली. म्हणून तिनंही मायेनं आजीचा अख्खा पंजा आपल्या हातात घट्ट दाबून धरला.

"झालं," सरूबाई म्हणाल्या आणि पदर आवरला. "सौदा मान्य."

"काय मान्य?" माऊली ताडकन उभे राहिले.

"तुमच्या लेकीनं पंजा दाबला की. मी सांगितलं, तिनं घेतलं. घासाघीस न्हाई, काय न्हाई. लई मोकळ्या मनाची पोरगी हाय."

किंमत ऐकल्यावर माऊलींनी कपाळाला हात लावला. हॉटेलवाल्यानं देऊ केली होती त्याहून ती खाली होती, पण त्यांनी मनात धरली होती त्याहून चांगलीच वर. मात्र टॉवेलाखाली दाबलेला पंजा मागं घेता येत नाही, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना पहिल्याच बाजारात सांगितलं होतं. त्यांनी खिशात होते तेवढे पैसे इसार म्हणून सरूबाईंच्या हातावर ठेवले. परतीच्या वाटेवर समृद्धी दहा वेळा म्हणाली, "पप्पा, मला काय माहीत!" आणि माऊली दहा वेळा म्हणाले, "गप बस." पण न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर तेच खो-खो हसायला लागले.

अनितानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हिला जोडायचं काय? नांगर का तिफण?"

"काय न्हाई जोडायचं."

"मग?"

पुन्हा तोच 'मग'. या वेळी माऊली म्हणाले, "बघायची." अनितानं त्यांच्याकडं काही क्षण पाहिलं, मग परातीतल्या पिठाकडं पाहिलं. "बघा बाबा," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात राग नव्हता.

त्यानंतरचे रविवार दौंडला गेले. बंद पडलेलं डिझेल इंजिन सोडवायची रीत शेतकऱ्याला माहीत असते, तीच माऊलींनी इथं वापरली. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल सोडलं आणि आठवडाभर मुरू दिलं. पुढच्या रविवारी, इंजिन हातानं फिरवून चालू करायचं भिमाजींचं लोखंडी हँडल गाडीच्या तोंडात घातलं आणि जोर न लावता, नुसतं इकडून तिकडं झुलवत राहिले. दुपारी जेवण झाल्यावर हँडल एकदम बोटभर सरकलं. माऊली आणि समृद्धी दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि परत झुलवायला लागले. संध्याकाळपर्यंत इंजिन पूर्ण फिरत होतं.

ब्रेकचे रबर पुण्याला नाना पेठेत मिळाले. टायर शोधायला समृद्धीनं मोबाइलवर निम्मा महाराष्ट्र पालथा घातला. काम करता करता तिला गाडी आवडायला लागली, आणि ती का आवडते हे ती कारखान्यातल्या मैत्रिणींना सांगायला लागली. या गाडीत लपवलेलं काही नाही. बॉनेट उचललं की प्रत्येक वस्तू समोर, प्रत्येक बोल्टापर्यंत हात पोचतो. ज्यानं ही आखली त्याला ठाऊक होतं, की कुठंतरी कुणीतरी रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून ही उघडणार आहे. त्या माणसाची त्यानं आधीच काळजी घेऊन ठेवलीय. अलीकडच्या गाड्यांत नुसतं दिव्याचा बल्ब बदलायचा तर अर्धी गाडी खोलावी लागते, असं ती म्हणायची.

सरूबाई ओट्यावर बसून बघायच्या. मधेच म्हणायच्या, "हळू. ती रागीट हाय." किंवा, "आमचे हे तिच्याशी बोलायचे. तुम्ही नुसतं ठोकताय."

मग बॅटरी जोडायचा रविवार उगवला. नवी बॅटरी आणली होती. गाडीत दोन जुन्या जाड वायरी होत्या, टोकाला शिशाची पकड असलेल्या. त्यातली एक इंजिनाकडं जाणारी, दुसरी सरळ गाडीच्या पत्र्याला जोडलेली. माऊलींनी आयुष्यभर केलं तेच केलं. ट्रॅक्टर असो, पिकअप असो, बॅटरीची वजा बाजू पत्र्याला जाते. तशी त्यांनी ती लावली. पकड थोडी सैल बसली. बॅटरीचा तो खांब बारीक आणि पकड मोठी. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कातरून पट्टी केली, मधे ठोकली आणि पकड घट्ट केली. दुसरी पकड मात्र लहान, खांबावर बसेचना, तिला कानशीनं घासून मोठी केली.

चावी फिरवली. मागून टिक टिक टिक असा आवाज आला. पेट्रोल ओढणारा छोटा पंप जागा झाला होता. तो भराभर टिकटिकला, मग सावकाश, मग थांबला. म्हणजे पेट्रोल पोचलं. माऊलींनी स्टार्टरची मूठ ओढली. इंजिन खोकलं, परत खोकलं, आणि लागलं.

सरूबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या. माऊलींनी आनंदानं पाय थोडा दाबला, इंजिनाचा आवाज चढला, आणि त्याबरोबर बॉनेटच्या आतून निळा धूर उसळला. समृद्धी ओरडली. माऊलींनी धावत जाऊन वायर उपटली. डायनॅमोच्या करंटवर लक्ष ठेवणारा कटआउटचा डबा आतून जळून काळा झाला होता.

सरूबाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. लई केलं तुम्ही. मी इंद्रजीतला सांगते, त्या हॉटेलवाल्याला फोन कर म्हणून."

"मावशी, दसरा अजून लांब हाय."

"लांब कुठं? घट बसत्याल परवा. तुमचा तोडा सुरू हुईल. तवा तुम्ही फुलं सोडून येणार का इथं?"

माऊलींनी चाकापाशी बसकण मारली आणि उपटलेली वायर हातात घेऊन तिच्याकडं बघत राहिले. पकडीत ती डब्याच्या पत्र्याची पट्टी अजून तशीच होती. ती त्यांनी बोटानं काढली. वडील म्हणायचे, बैल जू घ्यायला मान हलवत असेल तर बैलाला मारू नको, आधी जू बघ. इथं एक पकड सैल होती आणि दुसरी बसत नव्हती. आणि त्यांनी काय केलं? एकीत पट्टी ठोकली, दुसरी घासून मोठी केली.

"समृद्धे," ते हळूच म्हणाले, "बॅटरीचा जाड खांब कुठला असतो?"

"प्लस."

"मग पत्र्याला जाणारी ही पकड मोठी का हाय?"

समृद्धी त्यांच्या हातातल्या पकडीकडं बघत राहिली. मग तिनं मोबाइल काढला, वाचलं, आणि कपाळावर हात मारला. "पप्पा, त्या काळी इंग्रजांच्या गाड्यांत प्लस बाजू पत्र्याला जोडायचे. उलटं! कंपनीत रोज मल्टिमीटर हातात असतो माझ्या. माझ्या पण डोक्यात नाही आलं."

"तिनं सांगितलं व्हतं," माऊली म्हणाले. "मीच पट्टी ठोकून तिचं तोंड बंद केलं."

सरूबाई ओट्यावरून ऐकत होत्या. "काय झालं वं?"

"मावशी, तिच्या तोंडात आम्ही लगाम उलटा घातला व्हता. फोन करू नका अजून."

शिरूरला जुन्या ट्रॅक्टरांच्या भंगारात तसाच कटआउट मिळाला. तो समृद्धीनं घरी घासूनपुसून, तपासून तयार केला. पण बसवायला जायचं कधी? घट बसले होते. रानात झेंडू पिवळाजर्द झाला होता, बाया तोड्याला लागल्या होत्या, आणि पिकअप रोज पुण्याच्या बाजाराला जात होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पहाटे माऊली उठून ओट्यावर बसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं. अनितानं क्रेट मोजता मोजता त्यांच्याकडं न बघताच सांगितलं, "जावा. फुलांचं मी बघते, आजच्या दिवस दुसरी गाडी सांगते. पोरीला घेऊन जावा."

"आगं पण तोडा..."

"तुमचं चित्त हितं असतं तर ठेवून घेतलं असतं. काल शेवंतीच्या क्रेटात झेंडू भरलाय तुम्ही." मग ती जरा थांबली. "पण येताना तिच्यातनंच यायचं. आन् आल्यावर पहिलं मला बसवायचं."

दौंडला पोचून दोघांनी कटआउट बसवला. बॅटरी फिरवून लावली. मोठी पकड जाड खांबावर पट्टीबिट्टी न लावता चपखल बसली. घासून मोठी झालेली दुसरी मात्र बारीक खांबावर खुळखुळत होती, तिच्यासाठी नवी पकड आणली होती. पंप टिकटिकला आणि थांबला. माऊलींनी मूठ ओढली. इंजिन एका दमात लागलं. त्यांनी हळूहळू आवाज चढवला. कुठं धूर नाही. लाल दिवा विझला, म्हणजे डायनॅमो बॅटरी भरायला लागला होता.

"मावशी, बसा. एक चक्कर मारू."

सरूबाई मागं न बसता पुढं बसल्या. रेल्वे कॉलनीतून गाडी निघाली तेव्हा वळणावर माऊलींनी खटका दाबला आणि दाराच्या खांबातून तो पिवळा हात टचकन बाहेर आला. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. सरूबाई ताठ बसल्या होत्या. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "दुसऱ्यात टाका. तिसरा झेपत न्हाई तिला हितं."

चक्कर संपवून गाडी दारात आली. माऊलींनी उरलेले पैसे दिले, कागद घेतले. सरूबाईंनी गाडीला हळदीकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. समृद्धी हत्यारं गोळा करून डिकीत भरायला लागली, तेव्हा सरूबाईंनी काठी आडवी धरली.

"ते हँडल ठेव खाली."

"आजी, ते गाडीचंच आहे."

"म्हणूनच ठेव. दावं देत न्हाईत."

समृद्धीला कळलं नाही. ती बापाकडं वळली. "पप्पा, ते लागेल की आपल्याला. उद्या बॅटरी उतरली तर?"

माऊलींनी लेकीच्या हातातून हँडल घेतलं. जनावर विकलं तरी मालक त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतो. नव्या मालकानं आपलं दावं घेऊन यायचं. जुनं दावं गोठ्यातच राहतं, पुढच्या जनावराला बांधायला. त्यांच्या घरी हे असंच होतं आणि निमोण्याला सरूबाईंच्या माहेरीही असंच असणार. त्यांनी ते हँडल दोन्ही हातांनी सरूबाईंपुढं धरलं. जड होतं. सरूबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि ते कडेवर घेतल्यासारखं घेतलं.

"बरोबर हाय मावशी," माऊली म्हणाले. "आम्ही आमचं करून घेऊ."

"व्हय. करून घ्या." त्यांनी एकदा बॉनेटवर हात ठेवला. "जा आता. थांबू नका. थांबलं की तिला बी कळतं."

गाडी गल्लीतून बाहेर पडली. आरशात माऊलींना ओटा दिसला, पण ओट्यावर कुणी नव्हतं.

समृद्धी पिकअप घेऊन मागून येत होती. माऊली चाळिसाच्या पुढं गेले नाहीत. चौफुल्याला चहा प्यायला थांबले तर गाडीभोवती गर्दी जमली. कुणी विचारलं, "अॅव्हरेज किती?" कुणी विचारलं, "किती सीटर?" एक पोलीस आला, त्यानं गंभीरपणे कागद बघितले आणि मग मोबाइलवर स्वतःचा फोटो काढून घेतला. बिहारकडचा एक ट्रक ड्रायव्हर बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "भैया, इसका मुँह अच्छा है." इतक्या वर्षांत माऊलींच्या पिकअपचं तोंड चांगलं आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. ते न्हावऱ्यापर्यंत एकटेच हसत होते.

संध्याकाळी अनितानं हात धुतले, लुगड्याचा पदर सारखा केला आणि गाडीत बसली. दोघं येमाईच्या देवळापर्यंत गेले. परतताना तिनं वळणावर विचारलं, "तो खटका कुठला?" माऊलींनी दाखवला. तिनं दाबला, हात बाहेर आला. तिनं सोडला, हात आत गेला. घरी पोचेपर्यंत तिनं तो पाच-सहा वेळा दाबला. सरळ रस्त्यावरसुद्धा.

गाडी आता पिकअपशेजारी शेडमध्ये असते. रविवारी माऊली ती बाहेर काढतात, धुतात, आणि पाट टाकून समोर चहा पीत बसतात. तिला अजून काही जोडलेलं नाही. समृद्धीनं कंपनीतल्या लोहाराकडून नवं हँडल करून घेतलंय. ते डिकीत पडून असतं, अजून लागलेलं नाही.

सरूबाई नाशिकला गेल्या. इंद्रजीतचा एकदा फोन आला होता. गाडी कशी आहे विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता हसत म्हणाला, "आईनं भांडीकुंडी, कपाट, सगळं वाटून टाकलं. पण ते लोखंडी हँडल गोणपाटात गुंडाळून आणलंय. कुणाला हात लावू देत नाही. चौथ्या मजल्यावर काय करायचंय त्याचं, विचारलं तर बोलत नाही."

माऊलींनी त्याला दाव्याची रीत सांगितली नाही. पण रविवारी चहा पिता पिता त्यांच्या डोक्यात तेच फिरत राहतं. दावं ठेवून घेतात ते रिकामा गोठा रिकामा राहू नये म्हणून. मग नाशिकच्या त्या चौथ्या मजल्यावर, इतक्या जपून, सरूबाईंनी ते पुढच्या कुणासाठी ठेवलं असेल?